विदझेवचा रकाना १९२२ पर्यंत भरला

मंडळी, पोलंडच्या कामगार फुटबॉल क्लबांचा जो तक्ता मी करतोय, त्यातला वूच शहराच्या विदझेव क्लबाचा रकाना १९२२ पर्यंत पुरा झाला. विदझेव म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना फुटबॉलपटू बोनियेक आणि १९८१, १९८२ ची लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं आठवतात. मला मात्र या क्लबाची पहिली बारा वर्षंच जास्त धरून ठेवतात.

विदझेव हे वूचच्या पूर्वेचं गिरण्यांचं गाव. शहरात ते सामील झालं ते १९१५ मध्ये. हाइन्त्सेल आणि कुनित्सर यांची मोठी कापड गिरणी, आजूबाजूला कामगारांची घरं, आणि सगळा दिवस भोंग्यावर बांधलेला. हा भाग तेव्हा रशियन झारच्या ताब्यात होता. १९०५ च्या उठावात वूचच्या रस्त्यांवर अडथळे उभारून कामगार सैन्याशी लढले. त्याच वर्षी गिरणीमालक यूलिउश कुनित्सरला समाजवाद्यांनी गोळ्या घालून मारलं. उठाव दडपला गेला, पण १९०६ मध्ये संस्था नोंदवण्याचे नियम सैल झाले. त्यानंतर पोलिश, जर्मन, ज्यू अशा सगळ्यांचीच मंडळं निघू लागली. याच लाटेत १९१० मध्ये ‘शारीरिक विकासप्रेमींची संस्था, विदझेव’ स्थापन झाली. नावात फुटबॉल नाही, कामगार तर नाहीच. झारच्या अंमलदारापुढे अर्ज ठेवायचा तर असंच निरुपद्रवी नाव बरं, असं मला वाटतं.

या काळावर काम करणाऱ्यांनी तारखांचे दोन रकाने ठेवावेत. रशियन सरकारी कागदांवर जुनी दिनदर्शिका, म्हणजे आपल्या तारखेच्या तेरा दिवस मागे. वर्तमानपत्रांच्या डोक्यावर बऱ्याचदा दोन्ही तारखा छापलेल्या असतात; त्या पाहूनच सामना पुढेमागे लावावा.

मग महायुद्ध. डिसेंबर १९१४ मध्ये जर्मन सैन्य वूचमध्ये शिरलं आणि त्याने गिरण्यांचा जीवच काढून घेतला. कच्चा कापूस, यंत्रांचे तांब्याचे भाग, अगदी साचे (माग) फिरवणारे चामडी पट्टेसुद्धा उतरवून नेले. पट्टा गेला की साचा नुसता लोखंडाचा सांगाडा. हजारो माणसं कामासाठी जर्मनीत गेली किंवा खेड्यांकडे परतली. क्लबही थांबला.

तक्त्यात मी सर्वांत जाड रेघ मारली आहे ती मात्र एका कायद्याखाली. नोव्हेंबर १९१८ मध्ये स्वतंत्र पोलंडच्या पहिल्याच सरकारने आठ तासांचा दिवस आणि सहा तासांचा शनिवार जाहीर केला, आणि डिसेंबर १९१९ च्या कायद्याने तो पक्का केला. आठवड्याचे शेहेचाळीस तास. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की सूतखात्यातल्या पोराच्या हातात उजेडाचे काही तास उरायचे. कामगारांचा फुटबॉल त्या दुपारीच जन्मला, असं माझं ठाम मत आहे. त्याआधी दहा तास उभं राहून आलेल्या माणसाकडून सरावाची अपेक्षा कशी करणार?

जानेवारी १९२२ मध्ये क्लब नव्याने उभा राहिला तो ‘रोबोत्निचे तोवाझिस्त्वो स्पोर्तोवे’, म्हणजे कामगार क्रीडा संस्था, या नावाने. मागे पोलिश समाजवादी पक्षाची माणसं होती, आणि आता ‘कामगार’ हा शब्द उघड पाटीवर होता. आर.टी.एस. ही तीन अक्षरं क्लबाच्या नावात आजही आहेत. क्लब आपला जन्म १९१० चाच मानतो आणि ते योग्यच आहे. पण कामगार क्लब म्हणून मी १९२२ पासून मोजतो. वॉर्साचा कामगार क्लब स्क्रा १९२१ चा, त्यामुळे तक्त्यात हे दोघे शेजारी आले आहेत. १९२५ मध्ये कामगार क्रीडा संस्थांचा देशव्यापी संघ झाला आणि अशा क्लबांना एकत्र छत मिळालं.

त्याच काळात क्राकूवचा गार्बार्निया, चामडं कमावणाऱ्यांच्या वस्तीतला क्लब, १९३१ मध्ये थेट देशाचा विजेता झाला. त्याचा रकाना वेगळा करावा लागेल, कारण त्याची वाट पक्षाच्या नव्हे, कारखान्याच्या दारातून गेली.

विदझेवला पहिल्या श्रेणीत यायला १९४८ उजाडलं, आणि त्या एकाच हंगामात शेवटचा क्रमांक घेऊन ते खाली गेले. पुढची नोंद १९२२ ते १९४८ या पट्ट्याची. सध्या वूच जिल्ह्याच्या स्थानिक स्पर्धांचे निकाल लावणं चालू आहे. कुणी स्क्राच्या सुरुवातीच्या संघांवर काम करत असेल तर जरूर कळवा, दोन्ही तक्ते जोडून पाहू.