लिंबू-मीठ

पुतळ्यांचं जतन हे माझं काम, लोकांच्या भाषेत धुणं-पुसणं. मागच्या मे महिन्यात नागपूरच्या एका जुन्या कॉलेजात ब्राँझच्या अर्धपुतळ्याचं काम आलं. आपलं विद्यापीठच १९२३ चं, तेव्हा अशा दगडी इमारती आणि आवारातले पुतळे इथे बरेच आहेत, लक्ष फक्त जयंतीला जातं. ऑफिसचं म्हणणं एकच, मॅडम, चमकवून द्या. टेंडरमध्ये हे काम 'रंगकाम' म्हणून टाकलेलं, आता बोला.

सकाळी साडेपाचला सुरू, नऊला बंद. त्यानंतर नागपूरच्या उन्हात ब्राँझला हात लावून दाखवा.

ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. त्यावर वर्षानुवर्षं जो घट्ट हिरवा-तपकिरी थर चढतो ती घाण नसते, ते त्याचं कवच असतं, हे सांगून सांगून माझा घसा बसला. पण इथे कॉलरच्या घडीत, कानामागे फिकट पोपटी ठिपके होते, आणि नखाने खरवडलं की पावडर गळत होती. हा रोग. क्लोराइड आत शिरलं की हवेतल्या ओलाव्याबरोबर ॲसिड तयार होतं, ते धातू खातं, त्यातून पुन्हा तेच, म्हणजे दर पावसाळ्यात थोडा थोडा पुतळा कमी. चार दिवस भिंग लावून स्काल्पेलने एकेक ठिपका टोकरला, मग गंज रोखणारं बेन्झोट्रायाझोल हे रसायन, शेवटी मेण. पण समुद्र इथून शेकडो किलोमीटर, मग एवढं क्लोराइड आलं कुठून?

पाचव्या दिवशी तिथले शिपाईकाका चहा घेऊन आले. यंदा रिटायर होणार होते. मेणाचा हात फिरताना बराच वेळ बघत उभे राहिले, मग म्हणाले, "मी तं दरवर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी लिंबू-मीठ लावून घासतो जी, आईनं शिकवलं, देवाची भांडी अशीच घासतात. चोवीस वर्षं झाली. तुमच्यासारखी चमक नाही येत पण."

मीठ. म्हणजे सोडियम क्लोराइड. कॉलरच्या घडीत, कानामागे, जिथे पाणी नीट पोचत नाही तिथे साठलेलं.

माझा चेहरा बदलला असणार, कारण त्यांनी लगेच विचारलं, "खराब केला का जी मी?"

मी म्हटलं, नाही काका, हवेमुळे होतं असं. ते हसले, कप उचलून गेले. आता मी खोटं बोलले हे मला कळतं, पण चोवीस वर्षांत त्या पुतळ्याला हात लावणारा हा एकच माणूस, बाकी सगळे हार घालून फोटो काढून मोकळे, साधी साबणाची वडीही कोणी त्यांच्या हातात दिली नव्हती. आणि न सांगावं तर पुढचा शिपाई त्यांच्याकडूनच शिकणार.

रिपोर्ट उद्या द्यायचाय. 'हानीचं कारण' हा रकाना अजून कोराच आहे.