‘पॅनल गेलंय’ यावर लगेच विश्वास ठेवू नका

आवाज येतो, चित्र नाही. माझा ४० इंची एलईडी टीव्ही, नऊ वर्षं वापरलेला. टीव्ही उघडायच्या आतच दुकानदार म्हणाला, “पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदाच, गेलंय साहेब, नवीनच घ्या.” पॅनल खरंच गेलं असेल तर त्याचं बरोबर आहे, कारण नव्या टीव्हीच्या निम्म्याहून जास्त किंमत एकट्या पॅनलची. पण ते गेलंय का, हे घरीच बघता येतं. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू करून मेनू काढा आणि मोबाईलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. अंधुक अक्षरं दिसली तर पॅनल जिवंत आहे, मागचा उजेड तेवढा गेलाय. चालू करताना एखादा सेकंद उजेड येऊन विझत असेल तर बहुतेक वेळा एलईडीची पट्टी, म्हणजे पॅनलमागे उजेड देणाऱ्या बारीक दिव्यांची ओळ, गेलेली असते. माझ्या टीव्हीत अक्षरं दिसली. ते दाखवल्यावर दुकानदाराचा सूर बदलला.

खरा ताप तिथून पुढे. “पट्टी मागवलीय, आलीच म्हणून समजा की.” हे ऐकण्यात चार आठवडे गेले. त्यात पहिल्यांदा आलेली पट्टी चुकीची निघाली, आणि त्याला नशीब कारण नव्हतं. “४० इंची” एवढंच सांगून पट्टी मागवली की हेच होतं. एकाच मापाच्या टीव्हीत पट्ट्या वेगळ्या असतात: कुठे ३ व्होल्टचे एलईडी, कुठे ६ व्होल्टचे, दाण्यांची (म्हणजे पट्टीवरच्या एकेका एलईडीची) संख्या, लांबी, कनेक्टर, सगळंच वेगळं. जुळलं नाही तर एक तर लागतच नाही, नाहीतर तापून लवकर जाते. टीव्ही उघडला की जुन्या पट्टीवर छापलेला नंबर दिसतो. त्याचा फोटो स्वतः काढा आणि तो नंबर पावतीवर लिहून घ्या. हे मी तिसऱ्या आठवड्यात केलं, पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

“एकच दाणा बदलून देतो, स्वस्तात होईल,” असंही सुचवलं जातं. नको. दाणे एकामागोमाग जोडलेले असतात, म्हणून एक तुटला की सगळी ओळ विझते. बाकीचेही तेवढेच तास जळलेले असतात, काही महिन्यांत दुसरा जातो. पूर्ण सेटच बदला. पट्टीसाठी पॅनल उचलावं लागतं आणि त्याच्या कडेच्या कागदासारख्या पातळ फिती दुखावल्या की उभ्या रेघा येतात. म्हणून टीव्ही देताना टॉर्चच्या उजेडात रेघा नसलेल्या चित्राचा व्हिडिओ काढून ठेवा. परत घेताना पूर्ण पांढरं चित्र लावून बघा. गोल पांढरे ठिपके दिसले तर दाण्यावरचं भिंग निसटलंय, तिथेच परत उघडायला लावा.

घरी आणल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये बॅकलाइट (मागचा उजेड) १०० वरून ६० च्या आसपास आणा. पट्ट्या जास्त करून उष्णतेनेच मरतात.

लाल दिवा लुकलुकतो आणि टीव्ही सुरूच होत नाही, तर आधी पॉवर बोर्डवरचे (टीव्हीला वीज पुरवणाऱ्या पाटीवरचे) फुगलेले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, बघायला सांगा. ते स्वस्त काम आहे: नव्या कपॅसिटरवर छापलेले मायक्रोफॅरड जुन्याएवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि १०५ डिग्रीपर्यंत टिकणारे. स्वतः मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

थांबायचं कुठे? खर्च तेवढ्याच मापाच्या नव्या टीव्हीच्या एक तृतीयांशाच्या पुढे गेला की मी थांबतो. नव्याचा भाव मात्र आजचा धरा: ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. आपोआप आलेल्या उभ्या रेघा असतील तर पैसे घालू नका. ॲप चालत नाहीत एवढ्यासाठी टीव्ही काढायची गरज नाही, टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत ॲप चालवणारी स्टिक लावा.

आणि कोल्हापुरात वळीव गडगडायच्या आधी नुसता प्लग काढून भागत नाही. डिशची केबलही काढा, विजेचा झटका तिच्यातूनही आत येतो.