अर्काचे गणगोत

मराठी घरात ‘अर्क’ हा शब्द बिनदिक्कत उच्चारला जातो. पोट दुखले की ओव्याचा अर्क घेतात, आणि भावकीतल्या एखाद्या इरसाल पोराबद्दल ‘अर्क आहे नुसता!’ असे कौतुकमिश्रित वैतागाने म्हणतात. या सोवळ्या शब्दाचे सख्खे भाऊबंद तुर्कस्तानापासून कोरियापर्यंत दारूच्या पेल्यांत उतरलेले आहेत, हे मात्र ओव्याच्या बाटलीकडे पाहून कुणाच्या मनातही येणार नाही. (संस्कृतातला सूर्य किंवा रुई या अर्थाचा ‘अर्क’ निराळा, त्याला या गोतावळ्यात ओढू नये.)

मूळ शब्द अरबी ‘अरक’, म्हणजे घाम. भट्टीवर आंबलेला रस उकळतो, त्याची वाफ थंड नळीत शिरते आणि तिथे तिचे थेंब जमून खालच्या भांड्यात ठिबकू लागतात. ते पाहणाऱ्याला कपाळावर डवरलेला घाम आठवला असणार. युरोपीय लोकांनी याच द्रवाला लॅटिनमध्ये ‘जीवनजल’ म्हटले आणि त्याच अर्थाच्या गेलिक शब्दापासून पुढे व्हिस्की झाली. मला विचाराल तर घाम हे नाव अधिक प्रामाणिक आहे, कारण ते पिणाऱ्याला कसलेही आश्वासन देत नाही. ते फक्त भट्टीत काय घडते तेवढेच सांगते.

आणि म्हणूनच ते इतके पसरले असावे. नाव द्राक्षाचे किंवा तांदळाचे असते तर ते त्या पिकाबरोबरच थांबले असते, पण घाम कशालाही फुटू शकतो. लेबनॉन-सीरियात द्राक्षांपासून केलेल्या आणि बडीशेपेसारख्या वासाच्या दारूला अरक म्हणतात, तर तुर्कस्तानात तिच्याच बहिणीला राकी. पाणी घातले की दोन्ही दुधाळ होतात, म्हणून तुर्क राकीला ‘सिंहाचे दूध’ म्हणतात. बाल्कन देशांत आलुबुखाराची राकिया होते. मंगोलांची आर्खी तर खरोखरच दुधापासून होते, आणि तेराव्या शतकात मंगोलांच्या स्वाऱ्यांबरोबर ऊर्ध्वपातनाची, म्हणजे अशी दारू गाळण्याची, विद्या कोरियात पोहोचली तेव्हा हा शब्दही सोबत गेला; तिथल्या केसाँग भागात सोजू या कोरियन दारूला ‘आराक-जू’ म्हणतात, ती त्याचीच खूण. समुद्रमार्गाने गेलेल्या फांद्या वेगळ्या: श्रीलंकेत माडीचा अरॅक, जावा बेटावर उसाच्या मळीचा बताव्हिया अरॅक. हा दुसरा अठराव्या शतकात स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून थेट स्वीडनला गेला आणि तिथे ‘पुन्श’ नावाच्या गोड पेयात मुरला. तिथे गुरुवारी वाटाण्याच्या सुपाबरोबर हे पुन्श गरम करून पिण्याची रीत आहे, म्हणजे अरबी घाम जावामार्गे बाल्टिकच्या किनाऱ्यावर जेवणाच्या ताटाशी येऊन बसला.

आपल्याकडे हा शब्द दोन वाटांनी आला. फारसीतून आलेला वैद्यांकडे गेला आणि अर्क झाला. दुसरा कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला लागला. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 मध्ये माडाच्या सुरेपासून गाळलेल्या दारूचे वर्णन केले आहे. त्यातल्या उत्तम प्रतीच्या दारूला ‘फुला’, म्हणजे फूल, म्हणत आणि उतरत्या प्रतीच्या दारूला ‘ओराका’. ब्राझीलहून पोर्तुगिजांनी आणलेला काजू पुढे या भट्टीत शिरला, पण नाव तेच राहिले, गोव्याच्या बोलीत ‘हुर्राक’ होऊन.

उन्हाळ्यात काजूची पिकलेली बोंडे तुडवून रस काढतात, तो काही दिवस आंबवतात आणि भाटीवर चढवतात. पहिल्या धारेचा, जेमतेम पंधरा टक्के मद्यार्काचा, तो हुर्राक. त्यात लिंबू, सोडा, चिमूटभर मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून दुपारी पितात. तो पुन्हा गाळला की फेणी होते. हे नाव ‘फेन’ म्हणजे फेसावरून आलेले, अस्सल आपले, आणि परदेशी फारसे न रुळलेले. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हुर्राकाकडे मात्र ओर्ताच्या काळाप्रमाणेच आजही धाकट्या प्रतीचा म्हणून पाहिले जाते. तो फार टिकत नाही, त्यामुळे फेणी काचेच्या फुगीर बाटल्यांत वर्षानुवर्षे मुरत पडते आणि हुर्राक पाऊस लागायच्या आत संपवावा लागतो.