जाणारे रस्ते दोन

बेंबीकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. अंघोळ झाली की टॉवेलचं टोक तिथे फिरवायचं, कपड्याचा एखादा धागा अडकला असेल तर काढायचा, संपलं. भाषेने मात्र तिला बरंच वर चढवून ठेवलंय. माणूस जीव खाऊन ओरडतो तो बेंबीच्या देठापासून. आणि भाषणाला उभा राहिलेला प्रत्येक जण आपली नाळ कशाशी ना कशाशी जोडून मोकळा होतो, मातीशी नाहीतर रसिकांशी. गंमत म्हणजे या सगळ्या नाळांमधून वक्त्याला काहीतरी मिळतच असतं. त्याने तिकडे काय पाठवलं, हे कुणी विचारत नाही.

मीही नाळ म्हणजे एक नळी असंच समजत होते. पलीकडून खाऊ येतो, अलीकडे बाळ वाढतं. मग एकदा नाळेच्या आडव्या छेदाचं चित्र पाहिलं. आत तीन रक्तवाहिन्या. त्यातली एकच वारेकडून (म्हणजे प्लॅसेंटाकडून) बाळाकडे येते, उरलेल्या दोन बाळाकडून वारेकडे जातात. जाणारे रस्ते दोन, येणारा एक! आता जेवढं रक्त जातं तेवढंच परत येतं, हे मलाही कळतं. रस्ते मोजून देण्याघेण्याचा हिशेब होत नाही. पण त्या चित्राने डोक्यात किडा सोडला तो सोडलाच. बाळ पाठवतं तरी काय?

कार्बन डायऑक्साइड, युरिया, म्हणजे कचरा, हे शाळेतलं उत्तर. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं उत्तर बाळाच्या मूत्रपिंडांवर बसलेलं असतं.

अधिवृक्क म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी. मोठ्या माणसात या दोन ग्रंथी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या असतात, प्रत्येकी जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या. दचकल्यावर छाती धडधडते ती यांच्याच कृपेने. गर्भात मात्र त्यांचा थाट निराळा. जन्माच्या वेळी त्या जवळपास मोठ्या माणसाच्या ग्रंथींएवढ्या भरतात. शरीराच्या मानाने पाहिलं तर १० ते २० पट मोठ्या. एवढ्याशा जिवाला एवढी ग्रंथी कशाला? १९११ साली एलियट आणि आर्मर या संशोधकांनी नोंदवलं, की हा सगळा फुगवटा एका खास थराचा आहे आणि जन्मानंतर तो थर नाहीसा होतो. त्याला गर्भीय थर म्हणतात. ग्रंथीच्या सालीचा ८० टक्क्यांहून जास्त भाग त्यानेच व्यापलेला असतो.

हा थर दिवस भरत येतात तेव्हा डीएचईए सल्फेट नावाचा पदार्थ रोज सुमारे २०० मिलिग्रॅम बनवतो. मोठ्या माणसाच्या ग्रंथी दिवसाकाठी कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बनवतात ते १०-२० मिलिग्रॅम, म्हणजे बघा. पण बाळाला स्वतःला या मालाचा फारसा उपयोग नाही. तो जातो वारेकडे. गर्भारपणात लागणारं इस्ट्रोजेन वारेला पहिल्या पायरीपासून स्वतः बनवता येत नाही, कारण मधल्या एका पायरीचं विकर (एन्झाइम) तिच्याकडे नाही. ती पायरी बाळाची ग्रंथी उरकते आणि अर्धा तयार माल धाडून देते. तोही सल्फेट चिकटवून, म्हणजे वाटेत कुठे काही उद्योग करणार नाही असा, ओल्या काडेपेटीसारखा. वार तो सल्फेट काढते आणि पुढचं काम करते. दोन अपुऱ्या स्वयंपाकघरांचा हा एकत्र संसार आहे, हे इगॉन डिट्सफालुशी या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात उलगडून दाखवलं. ही मांडणी माणूस, वानर, माकडं यांच्यातली. मेंढीची वार हे काम वेळ आल्यावर स्वतःच करायला लागते.

मला यातली खरी खुमारी वाटते ती 'हुकूम कुणाचा' या प्रश्नात. मेंदूची पूर्ण वाढ न झालेल्या बाळांमध्ये या ग्रंथी साधारण १५ आठवड्यांपर्यंत ठीक वाढतात, पुढे सुकत जातात. म्हणजे सुरुवातीला कुणी न सांगता, आणि नंतर बाळाच्याच, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या एसीटीएच या संप्रेरकाच्या सांगण्यावरून. मग त्या पियुषिकेला जागं कोण करतं? बबून माकडांवर पेपे आणि अल्ब्रेक्ट या संशोधकांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यात दिसलं ते असं: जोवर आईचं कॉर्टिसॉल वारेतून बाळापर्यंत पोचत असतं, तोवर बाळाची पियुषिका निवांत असते. घरात मोठं माणूस आहे म्हटल्यावर पोरं कशाला हात हलवतील! दिवस भरत आले की वाढलेलं इस्ट्रोजेन वारेला ते कॉर्टिसॉल वाटेतच निष्प्रभ करायला लावतं. तिकडून पुरवठा घटला, की बाळाची पियुषिका कामाला लागते. आणि हे इस्ट्रोजेन कशापासून बनलेलं? बाळानेच पाठवलेल्या मालापासून. शिवाय तेच इस्ट्रोजेन त्या गर्भीय थराला फार माजू देत नाही, हेही बबूनमध्येच दिसलं. लगाम आणि टाच एकाच स्वाराकडे.

नवजात बाळाची छाती कधीकधी किंचित सुजलेली दिसते, मुलगा असला तरी. नव्या आईबापांचा जीव त्याने उडतो, आणि डॉक्टर सांगतात, वारेतून आलेल्या संप्रेरकांचा परिणाम आहे, जाईल आपोआप. जातोही. पण त्या संप्रेरकांचा कच्चा माल बाळाचाच होता, हे त्या गडबडीत कोण सांगणार.

तोवर आत आवराआवर सुरू झालेली असते. नाळ कापली, गिऱ्हाईक गेलं. पहिल्या काही आठवड्यांतच तो थर झपाट्याने विरतो, ग्रंथीचं वजन निम्म्यावर येतं. बाळ दूध पितं, झोपतं, बाकी सगळ्यांच्या झोपा उडवतं. आपल्या शरीरातला एवढा मोठा कारखाना बंद पडला याची त्याला गंधवार्ता नसते.

पुढे सहा ते आठ वर्षांच्या आसपास तोच डीएचईए सल्फेट पुन्हा रक्तात वाढू लागतो. ग्रंथी तीच, थर नवा. पाठवायला आता वार नाही. मग एका संध्याकाळी मूल खेळून येतं, आणि त्याच्या घामाला पहिल्यांदाच मोठ्या माणसासारखा वास येतो. आई नाक मुरडते, म्हणते, "जा, आधी अंघोळ करून ये."