‘प्रतिमेत रंग आढळला’: कृष्णधवल विभागात अडकलेले माझे एक छायाचित्र

एका छायाचित्र-स्पर्धेच्या प्रवेशिकेत प्रत्येक चित्रापुढे ‘रंगीत’ की ‘कृष्णधवल’ एवढेच निवडायचे होते आणि एकच चित्र दोन्ही विभागांत पाठवता येणार नाही, अशी अट होती. माझ्या चारपैकी तीन चित्रांचा निर्णय काही मिनिटांत झाला. चौथ्याने मात्र माझे तीन आठवडे खाल्ले, आणि त्याचा राग अजून पुरता ओसरलेला नाही.

त्या चित्रात हिरव्या भिंतीपुढे लाल शाल पांघरून बसलेली एक वृद्ध स्त्री आहे. रंगीत चित्रात नजर आधी शालीवर जाई आणि चेहरा मागे पडे, म्हणून मी कृष्णधवलाकडे वळले. संगणकावर सगळा रंग काढून टाकताच शाल आणि भिंत एकाच करड्या छटेत विरून गेल्या, कारण रंग परस्परविरोधी असले तरी दोघांचा उजळपणा जवळपास सारखाच होता. मग मूळचे लाल भाग करड्यात किती उजळ दिसावेत हे ठरवणारा लाल रंगाचा स्लायडर वर नेला. भिंगापुढे लाल फिल्टर लावल्यावर फिल्मवर जे घडते, तेच घडले: शाल उजळली, भिंत गडद झाली, पण त्वचेतही लाल रंग भरपूर असल्याने चेहराही उजळून गुळगुळीत झाला आणि सुरकुत्या पुसट झाल्या. शेवटी उलट केले. लाल कमी, हिरवा जास्त. शाल काळोखी झाली आणि चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ उमटली. (हे सारे शक्य झाले ते मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल, जपून ठेवल्यामुळे; कॅमेऱ्यातच कृष्णधवल जेपीजी काढले असते, तर रंगांची माहिती तिथेच गेली असती आणि हे स्लायडर निरुपयोगी ठरले असते.)

येथे थांबायला हवे होते. पण चित्र मला थंड वाटले, म्हणून गडद भागांना किंचित तपकिरी आणि उजळ भागांना अगदी फिकट निळी झाक दिली आणि कृष्णधवल विभागात प्रवेशिका भरली. चौथ्या दिवशी उत्तर आले: ‘प्रतिमेत रंग आढळला. प्रवेशिका अवैध.’ कोणता रंग, कुठे, कोणत्या नियमानुसार, याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. मला वाटले, फाइलच्या रंगप्रोफाइलची, म्हणजे रंग कसे दाखवायचे हे सांगणाऱ्या माहितीची गडबड असेल. ती बदलून पुन्हा पाठवली. पुन्हा तेच वाक्य. निळी झाक निम्म्यावर आणली, तरी तेच वाक्य. तोपर्यंत मुदतीला आठवडाच उरला होता. मी सविस्तर पत्र लिहिले आणि रोज दोनदा उत्तराची वाट पाहिली, ज्याने काहीही साधले नाही. उत्तर पाचव्या दिवशी आले. त्यात आंतरराष्ट्रीय छायाचित्रण कला महासंघाच्या, म्हणजे फियापच्या व्याख्येचा आधार दिला होता: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटांचे चित्र कृष्णधवल, ते संपूर्णपणे एकाच रंगाच्या झाकेत असले, तरीही कृष्णधवलच, पण झाक अर्धवट भागालाच दिली किंवा एखादा रंग वेगळा मिसळला, की ते रंगीत विभागाचे.

म्हणजे पूर्ण चित्र सेपियात, एकाच तपकिरी झाकेत, चालले असते, माझ्या दोन झाका मात्र कितीही फिक्या असल्या तरी चालणार नव्हत्या. नियम मला पटला, आणि हेच अधिक झोंबले. आयोजकांनी तो पहिल्याच दिवशी एका ओळीत सांगितला असता, तर प्रोफाइल बदलण्याचा उपद्व्याप मी केलाच नसता. पण चूक माझीही होती. ती तपकिरी झाक नेमकी शालीच्या काळोखावर चढली होती. मी काढलेला लाल रंग मीच मागच्या दाराने परत आणू पाहत होते, कारण तो सोडायची माझी तयारीच झाली नव्हती.

म्हणून रंगीत मूळ चित्र पुन्हा उघडले आणि निळ्या-तपकिरी झाकांशिवायच्या कृष्णधवल प्रतीशेजारी ठेवून एक पूर्ण संध्याकाळ पाहिले. रंगीत चित्रात शाल, कृष्णधवलात ती स्त्री. मला ती स्त्री हवी होती. दोन्ही झाका काढून निखळ करड्या छटांची प्रत पाठवली आणि ती त्याच दिवशी स्वीकारली गेली.

एक गोष्ट सांगायची राहिली, जी मला फार उशिरा कळली. प्रवेशिका भरण्यापूर्वी चित्राच्या गडद, मध्यम आणि उजळ भागांवर कर्सर नेऊन लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे पाहावेत. झाक नसलेल्या चित्रात प्रत्येक ठिकाणी तिन्ही आकडे एकसारखे येतात. माझ्या पहिल्या प्रतीत ते डोळ्यांना न जाणवणाऱ्या जागीही वेगळे होते.