तुम्ही विचारलंत म्हणून: बाटलीतला मासा वाकडा का होतो?

प्राणिशास्त्राची मुलं आणि त्यांचे शिक्षक हमखास विचारतात: ओढ्यातला मासा फॉर्मालिनमध्ये (मेलेला प्राणी कुजू न देणाऱ्या रसायनात) ठेवला, तरी दोन-तीन वर्षांत तो वाकडा, पोट फुटलेला, भुरकट का दिसतो?

बिघाड बहुधा कपाटात होत नाही. तो ओढ्याच्या काठावर, पहिल्या अर्ध्या तासात होतो.

जिवंत मासा थेट फॉर्मालिनमध्ये टाकला की तडफडतो, आखडतो आणि तसाच घट्ट होतो. असे हाल करू नयेत. लवंगेचं तेल थोड्या अल्कोहोलात ढवळून पाण्यात घाला आणि मासा त्यात सोडा. कल्ले हलायचे थांबले तरी आणखी दहा मिनिटं जाऊ द्या. डीएनए हवा असेल तर उजव्या पराचा तुकडा लगेच निव्वळ अल्कोहोलात ठेवा. फॉर्मालिन लागलं की डीएनए खराब होतो. डाव्या बाजूला हात लावायचा नाही, फोटो आणि मोजमाप तिचंच घेतात.

आता मासा थर्माकोलवर आडवा ठेवा, टाचण्यांनी पर उलगडा आणि हातमोजे घालून ब्रशनं परांवर फॉर्मालिन लावा. काही मिनिटांत पर ताठ होतात. फोटो त्याच वेळी काढा, कारण लाल-पिवळे रंग पुढे उडतात, काळे ठिपके तेवढे टिकतात.

द्रावणासाठी 1 भाग बाजारातलं फॉर्मालिन, 9 भाग पाणी, लिटरला चमचाभर टाकणखार (बोरॅक्स). टाकणखार नसेल तर द्रावण आंबट होऊन हाडांतलं कॅल्शियम खातं. मासा 10 सेंटिमीटरहून मोठा असेल तर पोटाला उजवीकडून छोटी चीर द्या. नाहीतर फॉर्मालिन आत पोचायच्या आधीच आतडी कुजतात आणि पोट फुटतं. आठवडाभर पसरट डब्यात आडवाच राहू द्या. अरुंद बाटलीत कोंबलेला मासा वाकतो, आणि तो बाक पुढे कशानंही निघत नाही.

चिठ्ठी पेन्सिलनं लिहून बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलात विरघळते. ‘पंचगंगा, कोल्हापूर’ एवढं लिहून भागत नाही. ही नदी प्रयाग चिखलीपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत वाहते. बंधाऱ्याच्या वर साचलेलं पाणी, खाली खडकांतून धावणारं. दोन्हीकडचे मासे सारखे नसतात. गाव, बंधाऱ्याची कुठली बाजू, अक्षांश-रेखांश, तारीख, जाळ्याचा प्रकार, सगळं हवं. आंबोलीच्या मंदिरातल्या कुंडातून 2020 मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही नवी जात नोंदली गेली. अशा माशाच्या बाटलीतून जागेची चिठ्ठी गेली तर काय उरलं? त्या कुंडाला मात्र 2021 पासून जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा आहे. तिथं जाळं घालू नका. राधानगरी अभयारण्यातही वनखात्याची लेखी परवानगी लागतेच.

फॉर्मालिनमधला आठवडा संपला की दोन दिवस पाणी बदलत मासा धुवा, मग 30, 50 आणि शेवटी 70 टक्के अल्कोहोल. पाण्याआधी अल्कोहोल उडतं, म्हणून पातळी उतरली की नुसतं पाणी ओतू नका. आधी हायड्रोमीटरनं टक्केवारी बघा.