तुम्ही विचारलंत म्हणून: पणजीत जेवायचं कुठे?

डिसेंबर लागला की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याची नणंद, कोल्हापूरची मामेबहीण, नवऱ्याच्या ऑफिसातले मुंबईचे लोक, आणि या सगळ्यांनी ज्यांना ज्यांना माझा नंबर दिलाय ते. प्रश्न एकच असतो: "वहिनी, आम्ही पणजीत उतरतोय. चांगलं मासळीचं जेवण कुठे मिळेल?" लग्न होऊन पणजीत आले त्याला पंचवीस वर्षं झाली, त्याआधीचं सगळं म्हार्दोळात गेलं. तेव्हा मला विचारणं साहजिकच आहे. माझं उत्तर ऐकून मात्र समोरचा माणूस जरा गप्प होतो. मी सांगते, मुक्काम पणजीत खुशाल करा, मांडवीच्या काठाने फिरा, पण दुपारी बाराला गाडी काढा आणि शहराबाहेर पडा. मेरशी, रायबंदर, बेती, पर्वरी, आगशी, जिकडे जमेल तिकडे.

पणजीवर माझा राग नाही. सकाळचा नाश्ता तर पणजीतच करावा. कॅफे भोंसलेसारख्या ठिकाणी पातळ भाजी, सुकी भाजी, सोबत पाव नाहीतर गोडसर बन आणि मिरची भजी, एवढं झालं की अकरापर्यंत भुकेचं नाव नाही. ही हॉटेलं अजून पणजीकरांची आहेत. बाजारात जाणारे, कचेरीत जाणारे लोक तिथे रोज टेकतात. अडचण दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाची आहे, आणि तीसुद्धा गेल्या दहा-पंधरा वर्षांतली. मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या, फोंतेन्यास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतल्या घरांसमोर फोटोसाठी गर्दी व्हायला लागली, गाडी लावायला जागा मिळेना. त्या गर्दीबरोबर हॉटेलांचं गिऱ्हाईक बदललं. एकदाच येऊन जाणाऱ्या माणसासाठी स्वयंपाक व्हायला लागला.

एक प्रसंग सांगते. नणंदेचं कुटुंब आलं होतं, डिसेंबरचा शेवटचा आठवडा. तेव्हा मीच त्यांना शहरातल्या एका नावाजलेल्या हॉटेलात घेऊन गेले. पाऊण तास दारात उभे होतो, मग अर्धा तास टेबलावर. शेवटी पापलेट आलं. वरून कुरकुरीत, पण काट्याजवळ बर्फाचा गारवा तसाच. नणंदेच्या सासूबाई त्या वेळी सत्तरीच्या पुढे होत्या. मालवणात वाढलेल्या, मासळीतलं सगळं कळणाऱ्या. काही बोलल्या नाहीत. एक घास खाऊन त्यांनी ताट हलकेच पुढे सारलं आणि सोलकढी भातावर घेतली. मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सगळ्यांना मेरशीला नेलं.

मेरशी म्हणजे पणजीला लागूनच. पाटोच्या पुढे निघालात की दहा-पंधरा मिनिटं. मी ज्या खाणावळीत जाते तिच्या फलकावरचं नाव पावसाने कधीच धुऊन गेलंय, 'बार अँड रेस्टॉरंट' एवढीच अक्षरं उरलीत. सहा टेबलं, पत्र्याचं छप्पर, मागे पडवीत चूल आणि गॅस दोन्ही. चालवणाऱ्या बाईंना सगळे वयनी म्हणतात. आत पाऊल टाकलं की त्या मेन्यूकार्ड देत नाहीत, काय आहे ते सांगतात: "बाय, आयज इसवण ना. चोणक आसा, पूण दोनच कुडके. बांगडे जाय तितले." आज सुरमई नाही, चोणकाचे दोनच तुकडे उरलेत, बांगडे हवे तेवढे. या एका वाक्यावर माझा जीव आहे. ज्या स्वयंपाकघरात रोज काहीतरी 'नाही' असतं, तिथे जे 'आहे' ते आजचं असतं.

त्या दिवशी सासूबाईंना मी मुद्दाम पडवीत नेऊन दाखवलं. पाट्यावर नाही, आता मिक्सरवरच, पण वाटण गंधासारखं मुलायम झाल्याशिवाय वयनी हात काढत नाहीत. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, थोडे धने, हळद, आंबटाला चिंच. बास. कांदा परतणं नाही, फोडणी नाही. वाटण पाण्यात मोकळं करून उकळी आली की बांगड्याचे तुकडे सोडायचे, आणि शेवटी चार-पाच तिरफळं नुसती ठेचून वर टाकायची. झाकण ठेवलं की त्या तिरफळांचा वास अख्ख्या पडवीत पसरतो, लिंबाच्या सालीसारखा, जिभेवर किंचित मुंग्या आणणारा. हे हुमण. बांगड्याला आणि तारल्यांना तिरफळ हवंच. कोळंबीच्या हुमणात ते जात नाही, तिथे आंबाडे नाहीतर कैरी. शहरातल्या अनेक हॉटेलांत सकाळी एकच मोठं वाटण होतं आणि दिवसभर त्यात इसवण पडते, कोळंबी पडते, खेकडा पडतो. खाणाऱ्याला रंग लाल दिसतो, त्याचं समाधान होतं. पण बांगड्याची कढी आणि कोळंबीची कढी एकाच चवीची लागली तर समजावं, ती कोणासाठीच केलेली नाही.

सासूबाईंनी त्या दिवशी भात दोनदा मागून घेतला. उकड्या तांदळाचा, जाडा, गुलाबीसर. ताटात रव्यात घोळून तळलेला बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची किसमूर, एक भाजी, वाटीत सोलकढी. सुंगटं म्हणजे कोळंबी, आणि किसमूर म्हणजे सुकी सुंगटं भाजून चुरून त्यात ओलं खोबरं, कांदा आणि थोडं आंबट. पुण्याहून येणारे बरेच जण ताटातला हा चिमूटभर ढीग चटणी समजून बाजूला ठेवतात. ठेवू नका. साध्या भातावर हुमण आणि प्रत्येक घासाला थोडी किसमूर, असं जेवलात की तळलेल्या तुकडीची आठवणसुद्धा होत नाही.

आता, बाहेर गेलं की मासळी ताजी असणारच, अशी माझी भोळी समजूत नाही. गोव्यात विकली जाणारी सगळी मासळी गोव्याच्या समुद्रातली नसते, बरीचशी शेजारच्या राज्यांतून ट्रकने येते. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा गदारोळ झाला आणि सरकारला काही दिवस बाहेरची मासळीच बंद करावी लागली, ते इथे कोणी विसरलेलं नाही. त्या दिवसांत आमच्या घरी आठवडाभर डाळ आणि तोंडाक, म्हणजे कडधान्याची आमटी, चाललं. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. बसण्याआधी विचारते, मासळी कुठली? वयनी सांगतात, आज मालिमची, किंवा आज मानशीची. मालिम म्हणजे बेतीजवळचा धक्का, पणजीच्या समोरच्या तीरावर, तिथे ट्रॉलर लागतात. आणि मानस म्हणजे खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या, पाण्याची दारं. भरतीचं खारं पाणी आत घेणारी आणि ओहोटीला बाहेर सोडणारी. ओहोटीच्या वेळी त्या दारावर जाळं लावलं की शेवटे आणि काळुंद्रं हे खाडीतले मासे, सुंगटं, खेकडे सापडतात. सांताक्रूझ, मेरशी, रायबंदर या गावांना खाजनं लागून आहेत. म्हणून तिथल्या खाणावळींत जे काळुंद्र मिळतं ते पणजीच्या मेन्यूकार्डावर तुम्हाला सहसा दिसणार नाही. मोठ्या हॉटेलाला दर दिवशी पन्नास माणसांना पुरेल इतकी एकसारखी मासळी लागते. मानशीचं जाळं तसं काही वचन देत नाही.

पावसात येणाऱ्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस गोव्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांतही शहरात तुम्हाला इसवण आणि पापलेट मिळेल. ते कुठून आलं आणि कधीचं, हा विचार करा. माझं ऐकाल तर त्या दोन महिन्यांत खाडीची मासळी खा, शिनाणे, म्हणजे शिंपल्यांचा एक प्रकार, मिळाले तर ते खा, आणि सुकं खा. मे महिन्यात आमच्याकडे पुरुमेत भरतो, म्हणजे पावसाची बेगमी: सुके बांगडे, सुकी सुंगटं, सोलं, मिरच्या, घरोघर डबे भरून ठेवतात. बाहेर धो धो पाऊस, ताटात गरम पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा. वयनी हे मेन्यूत धरत नाहीत. मागितलंत तर देतात.

नावं सांगा, नावं सांगा, असा आग्रह असतो, म्हणून थोडी सांगते. मांडवीचा पूल ओलांडून पर्वरीला गेलात तर ओ कोकेरो. तिहारमधून पळालेल्या चार्ल्स शोभराजला मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंड्यांनी ६ एप्रिल १९८६ रोजी इथेच पकडलं, त्याचा पुतळासुद्धा तिथे टेबलाशी बसवलाय. मराठी माणसं ती गोष्ट ऐकून जातात आणि पुतळ्याशेजारी फोटो काढतात. मी सांगेन, फोटो काढा आणि चिकन काफ्रियाल मागवा. हिरव्या मसाल्याचं, कोथिंबीर-मिरची-आलं-लसणीचं, आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींतून इकडे आलेलं. काफ्रियालसाठी जीव टाकणारे लोक मात्र तुम्हाला आणखी पुढे, साळगावच्या फ्लोरेंटाइनला जायला सांगतील, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. नेरूलला भट्टी व्हिलेज आहे, घरच्यासारखं ख्रिस्ती जेवण, तिथे घाईने जाऊ नये. आसगावच्या विनायकमध्ये मासळीची थाळी छान असते, पण आसगावच आता इतकं गजबजलंय की शनिवार-रविवारी मी तिकडे फिरकत नाही. आगशीची चोरीस, म्हणजे आपल्या भाषेत गोव्याचं सॉसेज, बाजारात सगळीकडे त्या नावाने विकतात. खुद्द आगशीला रस्त्याकडेला बसून पोईत, म्हणजे इथल्या गव्हाच्या पावात, भरून खाल्लीत की फरक कळेल. तिथली वांगीही घेऊन या, कापं करून तळा.

पर्वरीच्या वाटेबद्दल एक सूचना. तिथे उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून गर्दीत पाऊण तास सहज जातो. त्यापेक्षा पणजीच्या धक्क्यावरून बेतीची फेरी पकडा. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत, पाच-सात मिनिटांत पलीकडे, आणि बेतीत उतरल्यावर धक्क्याच्या आसपासच मासळीचं जेवण मिळतं. माझ्या भाच्यांना जेवणाइतकीच ती फेरी आवडली होती. दुसरी माझी आवडती वाट रायबंदरची. पणजीहून रायबंदरला जाणारा बांध पोर्तुगिजांनी १६३३-३४ मध्ये घातला, जवळजवळ तीन किलोमीटरचा, एका हाताला मांडवी आणि दुसऱ्या हाताला खाजन आणि मिठागरं. हिवाळ्यात तिथे पाणपक्षी उतरलेले असतात. सावकाश जा. रायबंदरहून फेरीने चोडणला किंवा दिवाडीला जाता येतं. दिवाडीत जेवायचं असेल तर आदल्या दिवशी कळवून ठेवावं लागतं, कारण तिथे आयत्या वेळी आलेल्यांसाठी सहसा कोणी जास्तीचा भात टाकत नाही.

आणि सोमवार. दर वर्षी कोणीतरी सोमवारी मासळी खायला निघतं आणि मला वैतागून फोन करतं. गोव्यातल्या पुष्कळ हिंदू घरांत सोमवारी मासळी शिजत नाही, गावातल्या खाणावळीही त्या दिवशी शाकाहारी असतात नाहीतर बंद. मी म्हणते, सोमवारी फोंड्याकडे या, माझ्या माहेरच्या वाटेवर. मंगेशीला आणि म्हार्दोळला महालसेला जा, देवळाबाहेर जायांचे वळेसर, म्हणजे जाईचे गजरे, विकायला असतात ते घ्या, आणि तिथल्या एखाद्या साध्या हॉटेलात जेवा. नशीब असेल तर खतखतं, म्हणजे अनेक भाज्यांची मिसळ भाजी, मिळेल, नाहीतर मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाची उसळ, तरी मिळतील. खतखत्यातही तिरफळच असतं. म्हणजे सोमवार असला तरी जेवणाचा वास तोच.

वेळ सांभाळा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं. साडेबारा ही चांगली वेळ. दीड वाजता बाजूच्या गॅरेजातली मुलं, पंचायतीतले कारकून, बँकेतल्या बाया येतात आणि टेबलं भरतात. अडीचला गेलात तर वयनी हात पुसत बाहेर येतील आणि म्हणतील, "नुस्तें सोंपलें, बाय." मासळी संपली. त्यांना फार वाईट वाटतं, माणूस उपाशी जातोय म्हणून. एकदा मला त्यांनी स्वतःच्या ताटातलं तारल्याचं हुमण दिलं होतं, नको नको म्हणताना.

वेळेवर गेलात तर अर्ध्या जेवणात त्या टोप घेऊन टेबलाशी येतील आणि विचारतील, "हुमण जाय?" पोट भरलं असलं तरी नाही म्हणू नका. "मात्शें घाल" म्हणा. थोडं वाढ, असा त्याचा अर्थ. त्या थोडं वाढणार नाहीत, तेव्हा भात आधी राखून ठेवा.